निळी पास, पिवळी नापास

मशाल ही मानवाच्या अजिंक्य आत्म्याची ज्योत आहे. ती वादळाला भीत नाही, काळाला बधत नाही आणि अखंड तेवत एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते, असं आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. ती अकरा मिनिटं चालते. बाराव्या मिनिटाला आतलं गॅसचं नळकांडं बदलावं लागतं. हे पुस्तिकेत नव्हतं; ते पिवळ्याला माहीत होतं, कारण पिवळ्या हा शेगड्यांच्या कारखान्यात फिटर होता आणि मशाल तिथेच बनत होती.

आता एवढ्या मोठ्या स्पर्धेची मशाल शेगड्यांच्या कारखान्यात कशी आली, तर आयोजन समितीने ‘मशाल आपल्याच मातीत घडली पाहिजे’ असा ठराव एकमताने केला, आणि मग आपल्या मातीत ज्योत नेमकं कोण घडवतं याचा शोध घेतला. शेगडीवाल्यांखेरीज कुणी सापडलं नाही.

बाहेरचं कवच एका नामवंत कलाकाराने रेखाटलं होतं. ॲल्युमिनियमचं, पिळदार, आणि त्याला एक्केचाळीस भोकं. एक भोक म्हणजे एक सहभागी देश. पुढे दोन देशांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं, तेव्हा समितीच्या सचिवांनी कारखान्यात फोन करून दोन भोकं बुजवता येतील का, असं विचारलं. मालक म्हणाले, “साहेब, भोक पाडणं आमच्याकडे होतं. बुजवणं नाही.” कलाकाराने जेवणाच्या सुट्टीत अर्थ बदलून दिला: ती दोन भोकं म्हणजे अनुपस्थितांची हळवी आठवण. पुस्तिका पुन्हा छापली गेली. भोकं मुळात हवा आत जायला ठेवलेली होती, पण हवेबद्दल कुणी काही छापत नाही.

पिवळ्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. टोपणनाव त्याने कमावलेलं होतं. शेगडीच्या बर्नरची ज्योत निळी लागते. निळी म्हणजे गॅस पुरता जळतोय, भांडं तापतंय, सगळं आलबेल. पिवळी म्हणजे हवा कमी, काजळी जास्त, आणि भांड्याचं बूड काळंकुट्ट. पिवळ्याला शेगडीचे पाय जमायचे, बटणं जमायची, नळ्या तर अशा बसवायचा की पाहत राहावं. पण बर्नर म्हटलं की पिवळा. दर सोमवारी त्याला सहा बर्नर करायला देत आणि संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा नापास होऊन परत येत. हा क्रम गेली जवळजवळ दहा वर्षं चालू होता.

ज्योत तपासायला कारखान्याच्या मागच्या अंगाला एक काळी खोली होती. भिंती काळ्या, छत काळं, दाराच्या काचेलाही काळा रंग फासलेला. कारण ज्योतीचा रंग अंधारातच नीट पारखता येतो. त्या खोलीत एकतीस वर्षं एक बाई बसत. बर्नर लावायचा, चार सेकंद बघायचं. निळी असेल तर चिठ्ठीवर ‘पास’चा गोल हिरवा शिक्का. पिवळी असेल तर वहीत नोंद, आणि बर्नर दाराबाहेरच्या पत्र्याच्या टोपलीत. तो पडल्याचा आवाज गेटपर्यंत जाई. बाईंशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मालकांनी एकदा घातला होता, तर बाईंनी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याच स्वयंपाकघरातली शेगडी नापास केली होती.

या बाई पिवळ्याच्या सासूबाई होत्या.

लग्नाच्या बोलण्यात त्यांनी मुलाबद्दल एकच प्रश्न विचारला होता: “खातं बदलून मिळेल का?” तेव्हा मुलगी म्हणाली होती, “आई, मला माणसाशी लग्न करायचंय, बर्नरशी नाही.” लग्न झालं. पण नातं कारखान्याच्या गेटबाहेर राहिलं. बाहेर तो ‘जावईबापू’ आणि त्या ‘आई’. आत तो ‘सात नंबर’ आणि त्या ‘बाई’. रविवारी त्या लेकीकडे चहाला येत. चहाचं भांडं उचलत, त्याचं काळं बूड निवांत बघत आणि काही न बोलता खाली ठेवत. टोपलीचा आवाज पिवळ्याला तिथेही ऐकू येई.

आणि आता वेळ थोडी उरली होती. कारखान्याचा नियम होता: दहा वर्षांत ज्याच्या एकाही बर्नरवर शिक्का बसला नाही, त्याची बदली पॅकिंगला. पिवळ्याची दहा वर्षं याच महिन्याअखेर भरत होती. त्याला नाव नको होतं, बढती नको होती. सासूबाईंच्या हातचा एक गोल हिरवा शिक्का, बस्स.

मशालीचा बर्नर अर्थातच त्याच्याकडे दिला नव्हता. तो सगळ्यात जुन्या फिटरने, ज्याला सगळे दादा म्हणत, तीन आठवडे खपून बनवला. काळ्या खोलीत बाईंनी तो लावला, आणि चारऐवजी दहा सेकंद बघितला. बाहेर येऊन म्हणाल्या, “अशी निळाई मी एकतीस वर्षांत पाहिली नाही.” दादांना हुंदका आला. शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आवारात प्रात्यक्षिक ठेवलं. सचिव आले, कलाकार आला, कॅमेरेवाले आले, बँड आला. ऊन तर असं कडक की पत्र्याकडे बघवेना. मालकांनी बटण दाबलं आणि मशाल उंच धरली. सगळे श्वास रोखून उभे. असा बराच वेळ गेला.

“हं, पेटवा आता,” सचिव म्हणाले.

“पेटलीय, साहेब.”

“कुठे?”

“वर.”

सचिवांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. निळं आभाळ, आणि त्यात नसल्यासारखी निळी ज्योत. ते सभ्य गृहस्थ होते, पुढे झाले आणि हातातला पुष्पगुच्छ वर करून म्हणाले, “म्हणजे इथे?”

आधी वरचा चकचकीत कागद गेला, मग गुलाब, मग रिबन. बँडवाल्यांना वाटलं हाच तो मंगल क्षण. त्यांनी दणक्यात सुरुवात केली.

पुष्पगुच्छ विझवून झाल्यावर सचिव म्हणाले, “अहो, कोट्यवधी लोक हे टीव्हीवर बघणार. त्यांना काय दिसेल? एक माणूस रिकामी नळी घेऊन पळतोय, आणि लोक टाळ्या वाजवतायत!”

“ज्योत निर्दोष आहे,” बाई म्हणाल्या.

“ते कळलं हो मला. सदोष नाही का तुमच्याकडे एखादी? पिवळी, जरा भडक, लांबून दिसणारी?”

तेवीस फिटरांनी माना वळवल्या. सगळ्या एकाच दिशेला.

पिवळ्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

दुपारी मालक स्वतः त्याच्यासाठी चहा घेऊन आले. दहा वर्षांत पहिल्यांदाच. “हे बघा,” ते मऊ आवाजात म्हणाले, “वेगळं काही करू नका. नेहमीसारखं बिघडवा. आठ दिवस आहेत, घाई नाही.” एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कलाकार, मागे दादा. कुणी चकार शब्द काढेना. पिवळ्याने ओठ मिटले, जीव एकवटून पितळेचा तो तुकडा पकडीत धरला, हवेचं भोक पाडलं, घासलं, पुसलं, जपून काळ्या खोलीत पाठवलं.

बाई दार उघडून बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखाच. “निळी,” म्हणाल्या.

“काय?”

“निळी. स्वच्छ.” आणि सवयीने त्यांनी शिक्का उचलला. तो चिठ्ठीपासून दोन बोटांवर आला असताना मालकांनी त्यांचा हात धरला.

“बाई, अहो, पिवळी हवीय!”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि शिक्का खाली ठेवला. “बरोबर आहे. शिक्का रंगाला नसतो, मागणीला असतो. आज मागणी पिवळीची आहे. नापास.” आणि पिवळ्याच्या आयुष्यातला पहिला निळा बर्नर टोपलीत पडला.

संध्याकाळपर्यंत त्याने आणखी तीन केले. तिन्ही निळे. मालक रडकुंडीला आले. “दहा वर्षं न सांगता बिघडवलंत! आणि आज सगळं जग मागतंय, तर तुमचा हात सुधारला?”

घरी आल्यावर तो खुर्चीत कोसळला. बायको दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. घाबरलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं, हे ती तिथे शिकली होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिने विचारलं, “काम करताना तू काय बोलत होतास?”

“बोलतोय कशाला? सगळे डोक्यावर उभे.”

“म्हणजे तू गप्प होतास?”

“हो.”

“दिवसभर?”

“हो ना.”

“मग बरोबरच आहे,” ती म्हणाली आणि आईला फोन लावला. “आई, याच्या नापासांची वही आहे ना तुझ्याकडे? उद्या काढून याला दाखव. तू मला कधी दाखवली नाहीस, पण त्यात काय असणार ते मला माहितीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी वही पिवळ्याच्या टेबलावर ठेवली. एक नव्हे, पाच वह्या. प्रत्येक ओळीत तारीख, ‘सात नंबर’, आणि कारण. पिवळ्या वाचू लागला.

‘हवेचं भोक अरुंद. बोलत होता.’

‘हवेचं भोक अरुंद. शेजाऱ्याच्या पोपटाबद्दल बोलत होता.’

‘भोकात कीस अडकलेला. कुत्रा विहिरीत कसा पडला ते दोन्ही हात सोडून दाखवत होता.’

‘हवेचं भोक अरुंद. कुत्रा वर कसा आला ते सांगत होता.’

दुसऱ्या वहीच्या मध्यावर एक नोंद होती: ‘हवेचं भोक फारच अरुंद. माझ्या मुलीबद्दल बोलत होता.’ पिवळ्याने तारीख पाहिली. लग्नाच्या सव्वा वर्ष आधीची.

“बाई, तुम्ही तर आत अंधारात असता. हे तुम्हाला कसं कळायचं?”

बाईंनी वह्या गोळा केल्या. पिवळ्याने वळून काळ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. काचेवरचा काळा रंग एका कोपऱ्यात नखाएवढा खरवडलेला होता, आणि त्या कोपऱ्यातून सरळ रेषेत त्याचं टेबल दिसत होतं; त्याचा आवाज तर दाराला अडत नव्हताच.

कारण साधं होतं. भोक पाडता पाडता गोष्ट रंगली की पिवळ्या मान वर करायचा, ड्रिल अर्धा फेरा आधीच बाहेर यायचं, आणि पितळेचा बारीक कीस भोकात तसाच राहायचा. हवा कमी, ज्योत पिवळी. मशाल अडली होती ती पिवळ्याच्या गप्प बसण्यावर.

बाईंनी एक स्टूल ओढलं, त्याच्या टेबलाशेजारी बसल्या, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, “बोला.”

पिवळ्याने ड्रिल हातात घेतलं. “काय बोलू?”

“काहीही. पोपट.”

“पोपट वारला, बाई.”

“अरेरे.”

पुन्हा शांतता. ड्रिल सुरू झालं, नीट आत गेलं, नीट बाहेर आलं. पाचवा निळा. बाईंनी सुस्कारा सोडला. आयुष्यभर त्यांनी ज्योतींशी संगत केली होती; गप्पा हा त्यांचा प्रांत नव्हे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझा पहिला दिवस सांगते. कुणाजवळ बोललात तर याद राखा.”

पिवळ्याने ड्रिल चालू केलं.

“तेवीस वर्षांची होते. मला सांगितलं, चांगली ज्योत पास कर, वाईट नापास कर. चांगली म्हणजे काय, ते सांगायला विसरले. मी आपली बसले आत. निळी आली. म्हटलं, ही कसली मेली, दिसतसुद्धा नाही धड. मग एक पिवळी आली. उंच, डुलणारी. काय सुंदर हो! मी तिला पास केलं. आणि मग काय, दिवसभर पिवळ्या पास आणि निळ्या नापास.”

“काय सांगता!” पिवळ्याची मान वर झाली.

“एकशेदहा शेगड्या गेल्या बाजारात. आठवडाभरात गावातल्या सगळ्या भांड्यांची बुडं काळी. जुने मालक मला घेऊन दारोदार फिरले, आणि मी स्वतः भांडी घासून दिली. एकशेदहा घरं!”

“तुम्ही? भांडी?” पिवळ्या हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग टेबलाला धरून. “म्हणजे, आई, सगळ्यात मोठी पिवळी तुम्हीच की!”

कारखान्याच्या आत त्याने त्यांना ‘आई’ म्हटल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ड्रिल केव्हाच बाहेर आलं होतं.

काळ्या खोलीत न्यायची गरजच पडली नाही. आवारात, भर उन्हात, मशालीतून हातभर उंच पिवळीधमक ज्योत उसळली आणि गेटवरचा पहारेकरी खुर्चीवरून उठून ओरडला, “आग! आग!” मालकांनी त्याला मिठी मारली.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ज्योत विझली.

पुन्हा लावली, पुन्हा विझली. “पिवळी अशीच,” बाई म्हणाल्या. “दिसायला झोकदार, वाऱ्यात उभी राहील तर शपथ. निळीचं तसं नाही. ती पाय घट्ट रोवून असते.” मग तरातरा टोपलीकडे गेल्या, खाली वाकल्या आणि तळातून एक बर्नर काढून आणला. पिवळ्याचा पहिला निळा. “हा आत घाला. ज्योत लहान, खोल. वाऱ्याने बाहेरची गेली की आतली तिला परत पेटवेल.”

तसंच झालं. पंखा लावला, होसपाइपने पाणी मारलं, दादांनी मशाल हातात घेऊन अंगणभर पळून पाहिलं. पिवळी जायची आणि पुन्हा फुलायची, जायची आणि पुन्हा फुलायची. लोक टाळ्या वाजवू लागले. बाईंनी खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि कलाकार “अहो, त्या पृष्ठभागाला एक अर्थ आहे!” असं ओरडत धावत येईपर्यंत मशालीच्या बुडाशी गोल हिरवा ‘पास’ उमटवला.

पिवळ्या त्या शिक्क्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले, पण ते काजळीने असं त्याने सांगितलं. काजळी होतीही.

कलाकाराने संध्याकाळपर्यंत अर्थ पाठवला: आतली ज्योत म्हणजे मानवाचा संयम, बाहेरची म्हणजे त्याचा आनंद. पुस्तिका तिसऱ्यांदा छापली गेली.

मशाली एकशेवीस लागणार होत्या; प्रत्येक धावपटूला स्वतंत्र. म्हणजे एकशेवीस पिवळे बर्नर, म्हणजे एकशेवीस गप्पा. आतले निळे तो सकाळी कुणी यायच्या आत, गप्प बसून करी. मालकांनी फलकावर बोलणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. सकाळी दादा, मग पहारेकरी, मग हिशेबनीस, जेवणानंतर बाई. दादांनी आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगितली, त्यात नऊ मशाली झाल्या. हिशेबनिसाला बोलायला काही सुचेना, तर त्याने आपली फसलेली प्रेमप्रकरणं काढली. तो वर्षानुवर्षं इतका गप्प का होता ते सगळ्यांना तेव्हा कळलं. शेजारच्या टेबलांवरचे फिटर कान देऊन ऐकू लागले आणि त्या आठवड्यात कारखान्यातल्या निम्म्या शेगड्या पिवळ्या निघाल्या. बाईंनी त्या न बोलता टोपलीत टाकल्या, आणि पुन्हा स्टुलावर येऊन विचारलं, “हं, कुठे होतो आपण?”

मशाल आली त्या दिवशी सगळा कारखाना रस्त्याच्या कडेला उभा होता. पिवळ्या, बायको, आणि मधे बाई, डोक्यावर छत्री. बेकरीच्या वळणावर वारा भणाणत असतो, हे त्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही माहीत होतं, समितीला नव्हतं. एक पांढऱ्या केसांच्या माजी लांब-उडीपटू पळत आल्या, वळणावर वाऱ्याने झडप घातली, आणि ज्योत गेली.

कॅमेऱ्याची गाडी कचकन थांबली. बाईंनी पिवळ्याचं मनगट धरलं. “आत निळी आहे,” त्या पुटपुटल्या. “आत तुमची निळी आहे.”

आणि भप्पकन पिवळी ज्योत उसळली, आधीपेक्षा वीतभर उंच. रस्ता असा गरजला की बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. कुणी कुणाला ओळखतही नव्हतं. टीव्हीवरचा निवेदक गहिवरून मानवाच्या अजिंक्य आत्म्याबद्दल बोलू लागला. बायको नवऱ्याच्या पाठीत धपाधप बुक्के मारत म्हणाली, “बघ! बघ! बोलण्याने काय होतं ते!” आणि बाई, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, छत्री मिटून ती मशालीसारखी उंच धरून उभ्या होत्या.

सोमवारी पिवळ्याने नेहमीचे सहा बर्नर केले. संध्याकाळी सहाही टोपलीत होते. कारण वहीत लिहिलेलं होतं: ‘हवेचं भोक अरुंद. मशालीबद्दल बोलत होता.’

महिनाअखेर मालकांनी नियमाचा कागद काढून पाहिला. त्यात ‘शेगडीचा बर्नर’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मशाल ही शेगडी नव्हे. बाईंचंही तेच मत पडलं. मात्र दुपारच्या चहाला त्यांचं स्टूल आता पॅकिंगमध्ये असतं, कारण तिथे बोललेलं चालतं.

एक तारखेपासून पिवळ्या पॅकिंगला आहे. एका शेगडीला थर्मोकोलचे चार तुकडे लागतात, आणि ते बोलता बोलताही बसवता येतात.